घरचा तरणतलाव : उरलेल्या तेवीस तासांचा विचार

आजचा विषय आहे घरचा तरणतलाव. तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा श्रीमंतांचा विषय, आपल्याला काय करायचंय? पण लोणावळा, कर्जत, अलिबाग किंवा गोव्यात दोन दिवस बंगला भाड्याने घेतो, तेव्हा तलाव आपल्या मालकीचा नसला तरी त्याच्या काठावर खेळणारी मुलं आपलीच असतात.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. घरच्या तलावात माणसं दिवसातून फार तर तासभर उतरतात. उरलेले तेवीस तास तो तलाव एकटा असतो. शेवाळ त्याच वेळात धरतं, डास त्याच वेळात अंडी घालतात आणि लहान मूल पाण्यात पडतं तेही बहुतेक वेळा कोणी पोहत नसताना. आपण मात्र आराखडा काढतो तो त्या एका तासाचा. फरशी कुठली, दिवे कुठल्या रंगाचे, धबधबा हवा का? आज आपण उरलेल्या तेवीस तासांबद्दल बोलू.

आधी जमीन

उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलाव धरू. त्यात ३८,४०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. वजन ३८ टनांहून जास्त. देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत विटांचं बांधकाम करून आतून गिलावा केला तर तो तडकणारच. तळ आणि भिंती सळई घातलेल्या काँक्रीटच्या, एकसंध हव्यात.

कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी अगदी वर येतं. अशा वेळी तलाव साफ करायला म्हणून रिकामा केला, तर खालचं पाणी त्या रिकाम्या काँक्रीटच्या पेटीला वर ढकलतं. होडी तरंगते त्याच नियमाने अख्खा तलाव उचलला जाऊ शकतो. म्हणून तळात दाब सोडणारी झडप बसवून घ्यावी आणि भर पावसात तलाव कधीही रिकामा करू नये.

पाणी खेळतं हवं

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, ते जमिनीखालच्या नळांतून एका हौदातून पुढच्या हौदात जात असे. खेळतं पाणी ताजं राहतं, हे तेव्हाही ठाऊक होतं. आपल्या तलावात हे काम पंप करतो. सगळं पाणी साधारण ६ तासांत एकदा गाळणीतून जावं, असा हिशेब धरतात. आपल्या उदाहरणात ताशी ६,४०० लिटर. वाऱ्याने कचरा ज्या बाजूला जमतो, तिथे पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेणारा स्किमर ठेवा. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेच्या भिंतीत. ही जागा बांधतानाच ठरते, नंतर भिंत फोडावी लागते.

वाळूच्या गाळणीवर दाब दाखवणारं मीटर असतं. स्वच्छ गाळणीचा दाब लिहून ठेवा. तो साधारण अर्ध्या बारने चढला, की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची.

आता क्लोरीन. पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. इथे बरेच जण फसतात. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग जंतू मारायच्या रूपात असतो. पीएच ८ झाला, की जेमतेम पाव भाग उरतो. तुम्ही पावडर ओतत राहता, पैसे जातात आणि पाणी हिरवंच. आधी पीएच मोजा, मग क्लोरीन घाला, आणि तोही संध्याकाळी, कारण उन्हाने तो उडून जातो.

डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला, की आपण म्हणतो क्लोरीन जास्त झालाय. खरं तर घाम आणि लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करायला सांगतात ती याचसाठी.

रसायनांबाबत तीन नियम पाळा. ॲसिड आणि क्लोरीनची पावडर जवळ ठेवू नका, एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दोन प्रकारचे क्लोरीन एकमेकांत मिसळू नका, आग लागू शकते. आणि रसायन पाण्यात टाकायचं, पाणी रसायनावर ओतायचं नाही.

उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी उडालं, तर आपल्या तलावातून दिवसाला १९२ लिटर जातात. महिन्याला अर्ध्या टँकरहून जास्त. गावात पाण्याची ओरड असताना हा आकडा मालकाने डोळ्यांसमोर ठेवावा. रात्री आच्छादन घातलं तर बरीच बचत होते. गळतीची शंका असेल तर पायरीवर बादली ठेवा, तिच्यात तलावाच्या पातळीइतकं पाणी भरा आणि २४ तासांनी बघा. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला असेल, तर पाणी गळतंय.

काठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळजवळ पाव मुलं पाच वर्षांखालची होती. नदी, विहीर, तळं सगळं त्यात आलं. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो. खरं मूल बहुधा आवाजही करत नाही. आतल्या खोलीत बसून ते कळत नाही.

विहिरीला आपण कठडा बांधतो, मग तलावाला का नको? किमान १.२ मीटर उंच कुंपण, गजांमधली फट १० सेंटिमीटरहून कमी, आणि आपोआप बंद होणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं फाटक. कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच. कुंपणाजवळ कुंडी किंवा खुर्ची नको, मुलं तीवर चढतात. ऑस्ट्रेलियात असं कुंपण कायद्याने सक्तीचं आहे. साधं तरंगतं आच्छादन म्हणजे सुरक्षा नव्हे. मूल त्याखाली अडकू शकतं.

अमेरिकेत २००२ मध्ये ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टाकीतल्या निचऱ्याच्या तोंडावर ओढली गेली आणि बुडाली. ती पोहू शकत होती. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला. म्हणून तळाशी एकमेकांपासून दूर अशी दोन तोंडं हवीत आणि त्यांवर फुगीर जाळ्या. जाळी तुटली असेल तर पंप बंद ठेवा, कोणाला उतरू देऊ नका.

बाकीचं थोडक्यात. काठाची फरशी खरबरीत, उतार तलावापासून बाहेर, म्हणजे पावसाचा गढूळ लोंढा आत येत नाही. वड, पिंपळ, उंबर जवळ नकोत, मुळं भिंतीत शिरतात. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आणि विजेच्या जोडणीला गळती ओळखून तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा स्विच.

श्रोत्यांचा प्रश्न : आम्ही बंगला फक्त भाड्याने घेतो. आम्ही काय बघायचं?

सामान उतरवण्याआधी तलावाकडे जा. तळाची जाळी स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही, त्या पाण्यात उतरू नका. फाटक आपोआप बंद होतं का? नसेल, तर घरातून तलावाकडे जाणाऱ्या दाराला वरची कडी लावा. खोली किती ते विचारा, १.२ मीटरच्या पाण्यात कोणालाही सूर मारू देऊ नका. आणि मोठ्यांनी पाळी लावा. अर्धा अर्धा तास एकच माणूस, हातात मोबाइल नाही, नजर पाण्यावर. सगळेच लक्ष ठेवतायत असं म्हटलं, की कोणीच ठेवत नाही.