चिकाचं कूळ: कुडा, सर्पगंधा, सदाफुली

कुही तालुक्यात शेताच्या धुऱ्यावर रुई, कुंपणाला कण्हेर, अंगणात सदाफुली आणि कऱ्हांडल्याकडच्या जंगलात कुडा. चारही एकाच घराण्यातली. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव करवीर कुल, म्हणजेच ॲपोसायनेसी. यातल्या बहुतेकांना चीक असतो. त्या चिकातली, सालीतली, मुळातली कडू द्रव्यं म्हणजे गुराढोरांपासून नि किडींपासून झाडाने केलेला बचाव. माणसाने औषध शोधलं ते याच विषात.

कुड्याची साल आव आणि अतिसारावर जुनी, कुटजारिष्ट तिचंच. सालीतलं कोनेसिन हे अल्कलॉइड आवेच्या अमिबाला मारतं. पण साल पांढऱ्या कुड्याचीच हवी; बाजारात काळ्या कुड्याची तिच्यात मिसळली जाते. ओळख शेंगांवरून पटते. पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्याचं बी कडू इंद्रजव, काळ्याचं गोड.

सर्पगंधेच्या मुळाचा मान जगाला पटवला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरॲड्रेनलिन ते रितं करतं, म्हणून रक्तदाब उतरतो. मात्रा वाढली की मनही खचतं, हेही रुग्णांकडूनच कळलं. पुढे मुळांसाठी झाडं इतकी उपटली गेली की रानातली सर्पगंधा विरळ झाली.

सदाफुली मूळची मादागास्करची. मधुमेहावरचा तिचा घरगुती वापर पारखताना कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना दिसलं, की प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटतात. त्यातून 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं आणि मागोमाग व्हिनक्रिस्टिन. दोन्ही पेशीचं विभाजन अडवतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन आजही आधार आहे. मात्र ग्रॅमभर व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळकी पानं लागतात. म्हणून ‘साखरेवर’ रोज सकाळी सदाफुलीची पानं चावणं म्हणजे कर्करोगाचा उपचार नव्हे, आणि मधुमेहावरचा भरवशाचा इलाजही नव्हे.

रुई नि कण्हेरीतली ग्लायकोसाइडं हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात. श्रावणातल्या शनिवारी मारुतीला रुईची माळ घालावी. पण रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये आणि कण्हेरीची बी लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

या कुळाचा आढावा घेताना एक गोष्ट ठसते. कोणतं झाड कोणत्या दुखण्यावर, हे वैदूंनी, आयाबायांनी सांगितलं; किती आणि कुणाला, हे प्रयोगशाळेने आणि रुग्णालयाने ठरवलं. यातलं एकही सुटलं तर औषधाचं विष व्हायला वेळ लागत नाही. गावागावांतल्या जाणत्यांकडची माहिती झाडाची अचूक ओळख पटवून आत्ताच लिहून ठेवायला हवी. आणि मुळासाठी झाड उपटायचं, तर आधी रोपवाटिकेत ते लावायला हवं.