खिडकी उघडली, वर्तुळ कुठे आहे?

जावामधला आकृत्या काढणारा पहिला प्रोग्रॅम बहुधा मुकाट्यानेच फसतो. कंपाइल होतो, खिडकी उघडते, आत मात्र काहीच नाही. अशा वेळी गणित बाजूला ठेवून आधी मेथडचं नाव बघावं. जावाच्या स्विंग लायब्ररीत आकृत्या काढायच्या त्या ‘पेंटकंपोनंट’मध्ये. त्यातला कॅपिटल ‘सी’ स्मॉल पडला, की जावा ती वेगळीच मेथड समजतो आणि तिला कधीच बोलावत नाही. वरच्या ओळीत ‘ॲट-ओव्हरराइड’ असेल तर कंपायलर तिथेच हटकतो. ही सोय २००४ च्या जावा ५ पासून आहे. न वापरणं हा निव्वळ आळस.

आकृती दिसते, पण भलतीकडे? आरंभबिंदू पॅनेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि ‘वाय’ खाली जाताना वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. ‘ड्रॉओव्हल’ला तर केंद्र आणि त्रिज्या ठाऊकच नाहीत. त्याला हवा वर्तुळाभोवतीच्या चौरसाचा वरचा डावा कोपरा, मग रुंदी नि उंची. केंद्र (१००, १००) आणि त्रिज्या ४० असेल, तर आकडे द्यायचे ६०, ६०, ८०, ८०.

साइन-कोसाइनने शिरोबिंदू काढलेला षटकोन वेडावाकडा आला, तर त्यांना रेडियनऐवजी अंश दिले असणार. षटकोन एका ठिपक्यात गोळा झाला, तर संशय कोन काढतानाच्या भागाकारावर घ्यावा: पूर्णांकांत ५/६ म्हणजे शून्य, त्यामुळे सहाही शिरोबिंदू एकाच जागी. जुन्या रेघा पुसल्या जात नसतील, तर ‘पेंटकंपोनंट’मध्ये ‘सुपर.पेंटकंपोनंट’ची ओळ लिहायची राहिली आहे.