चार शब्दांचें चित्र

चित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा देखावा, मुखवटा किंवा पानाफुलांची आरास उभी राहते. परंतु वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांत २०१२ सालीं दाखल झालेल्या एका चित्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. पांढऱ्या पृष्ठावर काळ्या अक्षरांत चारच इंग्रजी शब्द आहेत : ‘आय ॲम ए मॅन’. चित्रकार ग्लेन लायगन हा न्यूयॉर्कचा कृष्णवर्णी अमेरिकन. चित्राचें साल १९८८.

शब्द मूळचे त्याचे नव्हेत. १९६८ च्या फेब्रुवारींत मेंफिस शहरीं कचरा दाबणाऱ्या गाडींत चिरडून दोन सफाई-कामगार ठार झाले. तेव्हां सुमारें १,३०० कृष्णवर्णी कामगारांनीं संप केला आणि याच शब्दांचे फलक धरून ते रस्त्यानें चालूं लागले. त्यांच्या साह्यार्थ आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल रोजीं तेथेंच वध झाला. संप १६ एप्रिलला मिटला.

आतां हें वाक्य मराठींत आणूं पाहा. ‘मी माणूस आहे’ म्हणावें, कीं ‘मी पुरुष आहे’? इंग्रजी शब्द दोन्ही अर्थ पोटांत बाळगतो. तिकडे प्रौढ काळ्या गृहस्थासहि गोरे लोक ‘ए पोरा’ अशी हांक मारीत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे कामगारांस दोन्ही अर्थ हवे होते असें दिसतें. आपल्या भाषेंत एक निवडला कीं दुसरा हातचा जातो. (भाषांतराचा तास घेणाऱ्यास ही अडचण नवी नाहीं!)

रस्त्यावर ‘मी’ कोण, हें विचारण्याचें कारण नव्हतें. फलक धरणारा समोर उभाच असे. भिंतीवरील चित्राखालीं कोणी उभें नसतें. मग हा ‘मी’ कोण? संपकरी? त्या वेळीं अवघा सात वर्षांचा असलेला लायगन? कीं तें वाक्य मोठ्यानें वाचणारा प्रेक्षक? आणि वाचणारी एखादी विद्यार्थिनी असली तर? ज्या कलेंत हस्तकौशल्यापेक्षां कल्पनेस अधिक मान, तींत असले प्रश्न मुद्दाम मोकळे ठेवितात. हा गूढपणाचा हव्यास आहे असें कित्येक म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. काळ्या कलावंतानें आपल्या सर्व समाजाची ओळख एकाच ठाम अर्थानें सांगावी, ही अपेक्षाच त्यास जाचक होत असली पाहिजे.

पुढें चित्राचा रंग तडकला. २००० सालीं लायगननें त्याचे दोन छाप काढून शेजारींशेजारीं लाविले. एक जसाच्या तसा. दुसऱ्यावर चित्रांची निगा जाणणाऱ्या तज्ज्ञानें एकेक भेग व डाग दाखवून बारीक अक्षरांत नोंदी केलेल्या. या कृतीचें नांव ‘स्थितीचा अहवाल’. स्थिति कोणाची—कापडाची, त्या घोषणेची, कीं माणसाची—हें मात्र अहवालांत लिहिलेलें नाहीं.