समाजविघातक वर्तन व स्थानिक शासन (इंग्लंड-वेल्स)

समाजविघातक वर्तन : आपल्या घराबाहेरील व्यक्तींना छळ, धास्ती वा मनस्ताप होईल असे वर्तन, अशी याची व्याख्या इंग्लंड-वेल्समध्ये 1998 च्या ‘गुन्हे व बेबंदशाही अधिनियमा’ने केली. रात्री-अपरात्री गोंगाट, शेजाऱ्यांना शिवीगाळ, खिडक्यांवर दगडफेक, भिंती विद्रूप करणे इत्यादींचा त्यात समावेश होतो. यांतील अनेक घटना सुट्या पाहिल्यास किरकोळ वाटतात. परंतु एकाच कुटुंबाला त्या महिनोन्‌महिने सोसाव्या लागल्या, तर घरात राहणे असह्य होते. साहजिकच प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे निकालात काढणारी यंत्रणा येथे अपुरी पडते.

वरील अधिनियमाने स्थानिक परिषदा व पोलीस यांच्यावर गुन्हेप्रतिबंधाची संयुक्त जबाबदारी टाकली. आपल्या सर्व कामांत या प्रश्नाचा विचार करणे परिषदांना बंधनकारक झाले. समाजविघातक वर्तनाविरुद्धचा आदेश मिळविण्यासाठी परिषद अथवा पोलीस यांना दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येई. दहा वर्षे व त्यावरील कोणाही व्यक्तीवर तो बजावता येई. आदेश दिवाणी स्वरूपाचा असला, तरी त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक आदेशांचा किमान एकदा तरी भंग झाला. लंडनमधील इझ्लिंग्टन येथे 1999 च्या सुमारास एक सौम्य उपायही योजण्यात आला : उपद्रवी मुलांशी व त्यांच्या पालकांशी चर्चा करून चांगल्या वर्तनाचा लेखी करार करणे.

लेस्टरशर परगण्यात 2007 साली एका मातेने आपल्या अपंग मुलीसह जीवनाचा अंत केला. परिसरातील तरुणांच्या छळाविषयी या कुटुंबाने सुमारे दहा वर्षांत तीसहून अधिक वेळा पोलिसांशी संपर्क साधला होता. मृत्यूच्या कारणांची न्यायिक चौकशी 2009 मध्ये झाली, तेव्हा पोलीस व स्थानिक परिषदा यांची निष्क्रियताही या मृत्यूंस कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष ज्यूरीने काढला. तक्रारींची नोंद होत होती. मात्र त्या एकत्र जोडून पीडितांची असहायता कोणी पाहिली नव्हती.

‘समाजविघातक वर्तन, गुन्हे व पोलीसकार्य अधिनियम’ 2014 मध्ये संमत झाला आणि जुने आदेश रद्द झाले. त्यांच्या जागी दिवाणी मनाई हुकूम, उपद्रव थांबविण्याची लेखी सूचना, सार्वजनिक जागांपुरते निर्बंध व उपद्रवाचे केंद्र बनलेली वास्तू तात्पुरती बंद करण्याचा अधिकार ही साधने आली.

पीडितांना साहाय्य : तक्रार येताच धोक्याचा अंदाज घेणे, ही पहिली पायरी होय. घटना किती वेळा घडतात, त्या हेतुपुरस्सर आहेत काय, पीडित व्यक्ती एकाकी, वृद्ध वा अपंग आहे काय, हे पाहिले जाते. पीडिताला घटनांची दैनंदिनी ठेवण्यास सांगतात. पुढे न्यायालयात ती उपयोगी पडते. दिवाणी कामकाजात ऐकीव पुरावा ग्राह्य असल्याने भयभीत साक्षीदाराऐवजी परिषदेचा अधिकारी त्याचे म्हणणे मांडू शकतो. शेजाऱ्यांच्या साध्या तंट्यात मध्यस्थी उपयुक्त ठरते. जेथे एक पक्ष दुसऱ्याच्या दहशतीखाली असतो, तेथे मात्र ती टाळणे इष्ट असते. दारे-कुलपे मजबूत करणे, समुपदेशन आणि प्रसंगी अन्यत्र घर देणे हे अन्य उपाय होत.

2014 च्या अधिनियमाने पीडितांना प्रकरणाच्या पुनर्विलोकनाची मागणी करण्याचा हक्क दिला. सहा महिन्यांत तीन तक्रारी ही त्यासाठी ठरविता येणारी कमाल अट असून स्थानिक संस्थांना ती याहून कडक करता येत नाही. अट पूर्ण झाल्यास परिषद, पोलीस, आरोग्य यंत्रणा व सामाजिक गृहसंस्था यांना एकत्रितपणे फेरविचार करावा लागतो. त्यातील शिफारशी बंधनकारक नसतात, ही या तरतुदीची मर्यादा होय.

सार्वजनिक जागांवरील निर्बंधांमुळे बेघर व भिक्षेकरी लोकच शिक्षेस पात्र ठरतात, अशीही टीका झाली आहे. अधिकारांची कठोरता वाढविल्याने पीडिताचे संरक्षण आपोआप साधत नाही. विखुरलेल्या तक्रारींमागील एकच माणूस वेळीच ओळखणे, हेच स्थानिक शासनाचे मुख्य कर्तव्य ठरते.