ओंजळीचे माप आणि दोन टक्क्यांचा हिशोब

आंजी (मोठी) शिवारातील एका भाऊंनी मला बांधावर बोलावले. कपाशीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. "भाऊ, युरिया किती टाकला?" मी विचारले. "साहेब, दोन टक्के म्हणून दोन ओंजळी, अन् वरून एक." तराजू आणवला. तीन ओंजळी साडेसातशे ग्रॅम भरल्या. पंप 15 लिटरचा. म्हणजे फवारणी झाली पाच टक्क्यांची!

टक्का म्हणजे शंभरात किती. दोन टक्के म्हणजे 100 लिटर द्रावणात 2 किलो. 10 लिटरला 200 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. लिटरला दहाने गुणा, म्हणजे एक टक्क्याचे ग्रॅम निघतात. किराणा दुकानात एकदा 300 ग्रॅम युरिया तोलून रिकाम्या डब्यावर खूण करा. तो डबा स्वयंपाकघरात मात्र नेऊ नका.

दुसरी गोष्ट विरघळण्याची. युरिया साखरेसारखा झटकन विरघळतो. विरघळताना पाणी गार लागते. डीएपी मात्र हट्टी. तो आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी निवळी गाळून घ्या आणि मग पाणी घालून 15 लिटर पुरे करा. नाहीतर गाळाने नोझल तुंबते. पाते-फुलांच्या वेळी युरिया, बोंडे भरताना डीएपी, दोन्ही 2 टक्के. जमिनीत ओल असावी.

चुना तर पाण्यात फारच थोडा विरघळतो, बाकीचा नुसता तरंगतो. म्हणून आर्वी-कारंजाकडील संत्रा बागाईतदारांनी बोर्डो मिश्रण सारखे ढवळत राहावे. एक टक्क्यासाठी मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. तयार मिश्रणात लोखंडी विळा क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला.

कीटकनाशकाला मात्र हा टक्क्यांचा हिशोब लावू नका. तिथे डब्यावर छापलेलेच प्रमाण. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, हा समज जिवावर बेततो.

भाऊंची आठवीतली मुलगी शेजारी उभी होती. तिने काडीने मातीत गणित मांडले आणि उत्तर बरोबर काढले. पुढची फवारणी तिच्याच हिशोबाने झाली. आपल्याही घरी शाळेत जाणारे लेकरू असेल. पंप भरण्याआधी त्याला विचारा.