एका चेहऱ्याची दोन चिलटे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खालच्या मजल्यावरच्या वहिनी हातात बादली घेऊन धापा टाकत वर आल्या. "भावजी, पाहा बरं हे! टाकीच्या पाण्यात रक्ताचे धागे वळवळताहेत. पोरं सकाळपासून हेच पाणी पिताहेत हो!"

मी पडलो मराठीचा मास्तर. पण किडामुंगी न्याहाळण्याचा नाद जुना, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले. ते धागे म्हणजे चिलटांच्या अळ्या होत्या. रंग तांबडा, कारण आपल्यासारखेच हिमोग्लोबिन त्यांच्याही अंगात असते. तळच्या चिखलात, जिथे प्राणवायू जेमतेम, तिथे ते कामी येते. डासाची अळी श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठाशी लोंबकळते, ही तळाशी चिखलाची नळी करून राहते. मोठेपणी ते चिलट हुबेहूब डासासारखे दिसते, पण त्याला चावायची सोंडच नसते. बसताना डास मागचे पाय उचलतो, हे पुढचे. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार. आयुष्य थोड्या दिवसांचे, तेही बहुधा उपाशीपोटीच.

इतपत ओळख सोपी. खरी पंचाईत पुढे आहे. या कुळात सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येकीची चार सोंगे: अंडी, अळी, कोश आणि पंखवाले चिलट. अंड्यांची माळ चिकट लगद्यात गुंफलेली असते. अळी ओळखायची ती हनुवटीखालच्या दातेरी पट्टीवरून. पण वाळू खरवडून ते दाते झिजले, की शहाण्यासुरत्याचीही फसगत होते. कोशाची रिकामी कात पाण्यावर तरंगते आणि तिच्यावरच्या काट्याकेसांवरून पुष्कळ काही कळते. नर चिलट ओळखायचे तर शेपटीकडचे चिमटे पाहावे लागतात. मग ही अळी त्याच चिलटाची कशावरून? त्यासाठी एकेक अळी वेगळ्या कुपीत पाळायची, आणि तिची कात, कोशाची कात व चिलट ही तिन्ही एकाच क्रमांकाखाली जपायची. हे काम चिकाटीचे. माझ्या मते ते एखाद्या पोथीचे पाठभेद जुळवण्याइतकेच मोलाचे आहे. फक्त त्याला टाळ्या पडत नाहीत.

एवढे करूनही हार खावी लागते. युरोपातल्या डबक्यांत 'कायरोनोमस रिपारियस' आणि 'कायरोनोमस पायगर' अशी दोन चिलटे आहेत. डोळ्यांना ती जवळजवळ एकच. त्यांचा भेद मिळाला तो अळीच्या लाळग्रंथीत! या ग्रंथींतली गुणसूत्रे इतकी जाडजूड असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यांच्यावरचे आडवे पट्टे दिसतात. बाल्बियानी या शास्त्रज्ञाने ती १८८१ सालीच पाहिली होती. पुढे १९५६ साली जर्मनीत काइल आणि श्ट्रेन्त्स्के यांनी त्या पट्ट्यांवरून ही जोडी वेगळी काढली. रिपारियसला तेव्हा 'थुम्मी' म्हणत. मायगेनने १८०४ सालीच तिचे बारसे केले होते, हे मागाहून मान्य झाले. पुढे काइल यांना आणखी एक गंमत दिसली. थुम्मीच्या काही पट्ट्यांत पायगरच्या दुप्पट, चौपट, आठपट आनुवंशिक द्रव्य होते. नकलकाराने तीच ओळ पुन्हा पुन्हा उतरवावी, तसे!

कुणी म्हणेल, दोन चिलटांत एवढा घोळ कशाला? रिपारियस हे प्रयोगशाळांतले परीक्षेचे जनावर आहे. नदीतळचा गाळ विषारी आहे की नाही, हे तिच्या अळ्यांवर पाहतात. या दोघींना मानवणाऱ्या पाण्यातले क्षार आणि नत्रयुक्त संयुगे सारखी नाहीत. पाळीव अळ्यांत पायगर मिसळली, तर नदीचा निकालच चुकायचा.

आता चिलटाच्या एका पायातूनही डीएनए काढून जात शोधता येते. मात्र ताडून पाहायला आधी कुणीतरी नीट ओळखलेला नमुना ठेवलेला हवा. म्हणजे पुन्हा त्या कुप्याच आल्या. लाळग्रंथीसाठी तर अळी मारावी लागते, आणि मेलेल्या अळीचे चिलट होत नाही. म्हणून जाणकार एकाच माळेतल्या भावंडांतली काही कापतात, काही वाढवतात.

वहिनींना मी टाकी रिकामी करून घासायला आणि झाकणाला बारीक जाळी लावायला सांगितले. एक अळी मात्र औषधाच्या बाटलीत ठेवून घेतली. आठवड्याने बाटलीत एक नर बसलेला होता, मिशा फुलवून. वहिनी पाहायला आल्या. "खरंच चावत नाही हो! पण भावजी, हा नेमका कुठल्या जातीचा?"

मी भिंग आणायला उठलो, तोवर त्यांच्या धाकट्याने बूच काढले होते. बाटलीत दोन काती तेवढ्या उरल्या. त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.