नाळेतलं रक्त साठवायचं का?

पूर्वी बाळाची नाळ अंगणात पुरत. ‘इथं माझी नाळ पुरलीय’ असं माणसं अभिमानानं सांगत. आता सातवा महिना लागला, की हातात एक रंगीत पुस्तिका पडते : नाळेतलं रक्त साठवा, बाळाला आयुष्यभराचं संरक्षण द्या! खर्च हजारो रुपयांचा, हप्त्यांची सोय आणि बाळंतपण तोंडावर. अशा वेळी ‘नाही’ म्हणताना आईबापांना अपराधी वाटतं. म्हणून हा विषय आधीच समजून घेऊ या.

नाळ कापल्यावर तिच्यात आणि वारेत थोडं रक्त उरतं. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल्स असतात. हे रक्त घेताना आईला किंवा बाळाला दुखत नाही. मग ते द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्यानं उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून ठेवतात.

१९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या एका मुलावर या रक्ताचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. पण ते रक्त त्या मुलाचं स्वतःचं नव्हतं. त्याच्या नवजात बहिणीचं होतं!

सगळी मेख इथंच आहे. थॅलसेमियासारखा आजार जनुकांतून येतो. बाळाला तो असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या रक्तातही असणार. ते परत देऊन आजार कसा बरा होणार? शिवाय एका पिशवीतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. म्हणूनच, पुढं स्वतःच्या उपयोगासाठी हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केलं आहे.

मग कुणी साठवावं? घरात थोरल्या भावंडाला थॅलसेमिया किंवा मूळपेशींच्या प्रत्यारोपणानं बरा होणारा दुसरा आजार असेल, तर जरूर विचार करावा. सख्ख्या भावंडांच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्यासाठी बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटावं.

आणखी एक गोष्ट. बाळ जन्मल्यावर नाळ किमान एक मिनिट तरी कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात नाळेतलं रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो. पिशवी भरण्याच्या घाईत हा लाभ हुकता कामा नये. तेव्हा रक्त साठवा अथवा साठवू नका, ‘नाळ थोडी थांबून कापाल ना?’ एवढं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

पुस्तिका बाजूला ठेवली म्हणून बाळाचं काही हिरावून घेतलं, असं मुळीच समजू नका. आपल्या नाळेतलं रक्त बाळाला मिळावं, यासाठी एक पैसाही लागत नाही.